घोंगडी आधी, माइक मागाहून

गेल्या वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. सौ.ची शाळेतली हंगामी नोकरी उन्हाळ्यातच संपली होती आणि एका संस्थेसाठी घरबसल्या गोष्टींची पुस्तके वाचून मुद्रित करण्याचे काम तिला नुकतेच मिळाले होते. आवाज तिचा पहिल्यापासून चांगला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. (घरात माझ्यापर्यंतही पोचतो, पण ते असो!) पहिल्या पुस्तकाची तीन प्रकरणे तिने मोठ्या उमेदीने पाठवली आणि चौथ्या दिवशी ती परत आली. सोबत शेरा होता : "वाचन उत्तम. पण खोली ऐकू येते. मागचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. आठ दिवसांत सुधारून पाठवावे."

काम हातचे जाण्याची वेळ आली. सौ. दिवसभर काही बोलली नाही. आमच्या घरात हे लक्षण गंभीर समजतात.

चिरंजीवांनी मात्र संध्याकाळपर्यंत यादीच तयार केली. मोठा कंडेन्सर माइक, तो संगणकाला जोडणारा इंटरफेस आणि दोन स्पीकर. "बाबा, आपला माइकच स्वस्तातला. दुसरं काय होणार?" दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले बावीस हजार त्या यादीत पार बुडत होते, वर आणखी थोडे लागतच होते. मी "बघू" म्हणालो. "बघू" म्हणजे काय ते बापांना ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर शेजारचे अण्णा आले. सांगलीच्या आकाशवाणी केंद्रात ध्वनीचे काम करून ते निवृत्त झालेले. मी यादी पुढे केली. त्यांनी ती घडी करून खिशात घातली आणि खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवली. टाळी थांबली, पण तिच्यामागून एक बारीक 'टर्रर्र' भिंतीभिंतींतून फिरून आले.

"ऐकलंस? खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंनी गुळगुळीत गिलावा. ही खोली नव्हे रे, विहीर आहे. तुमचा नवा माइक जास्त कान असलेला. तो ही विहीर आणखी बारकाईने ऐकेल आणि तुम्ही पैसे देऊन दोष विकत घ्याल."

मग त्यांनी एक मिनिट नुसती शांतताच मुद्रित करायला लावली. चिरंजीवांचा हेडफोन मी कानाला लावला आणि थक्क झालो. शांतता कसली! वर पंखा, शेजारी लॅपटॉपचा पंखा, भिंतीपलीकडे फ्रीज, खाली बोळातली रिक्षा. सगळे कुटुंबच बोलत होते. फुकट मिळणाऱ्या 'ऑडॅसिटी'त मोजले, तर आकडा उणे ४७!

"आता एकेक दोष काढू," अण्णा म्हणाले. "पैसा लागत नाही ते आधी."

पंखा बंद केला. लॅपटॉप लांब वायरीने दाराबाहेर नेला. वाचनापुरता फ्रीज बंद ठेवायचा आणि तो पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची, ही युक्ती सौ.ची. मग माइक. तो दोन फुटांवर होता, तो त्यांनी एका वितीवर आणला. अंतर निम्मे केले की तोंडचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वर येतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. तोंडासमोर अगदी सरळ न धरता माइक किंचित बाजूला ठेवला, म्हणजे 'प' आणि 'फ' उच्चारताना वाऱ्याचा फटका बसत नाही. भरतकामाच्या कडीवर जुना पायमोजा ताणून आम्ही त्याची जाळीही केली.

राहिली खोली. चिरंजीव म्हणाला, अंड्यांचे ट्रे लावू या. अण्णा हसले. पातळ पुठ्ठा आवाज जवळजवळ शोषतच नाही. त्याला जाड, सच्छिद्र वस्तू हवी. लोकरीची घोंगडी हवी, गोधडी हवी. आणि ती लावायची कुठे? आम्हाला वाटत होते माइकच्या मागे. पण हा माइक समोरचे ऐकतो, पाठीमागचे फार कमी. म्हणजे वाचणाऱ्याच्या पाठीमागची भिंत तो सरळ ऐकत असतो! म्हणून पहिली घोंगडी तिथे टांगली, भिंतीपासून चार बोटे सोडून. मग दोन्ही बाजूंना गोधड्या, खाली सतरंजी. कोपऱ्यात गादी उभी केली, कारण खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झची लाट सुमारे ३.४ मीटरची. तिला चादर काय अडवणार?

एक गोष्ट घोंगडीने होत नाही. ती आतला घुमारा शोषते, बाहेरची रिक्षा थांबवत नाही. त्यासाठी खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावली आणि वाचनाची वेळ पहाटे पाचची ठरली.

चिरंजीव अजून थोडा हिरमुसला होता. "गोधड्या टांगून कुठे स्टुडिओ होतो का?" मी म्हटले, "बाळ, तू कोल्हापूरचा आहेस. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात आपला कॅमेरा स्वतः घडवला. १९२९ साली इथेच 'प्रभात' निघाली आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' इथेच मराठी बोलू लागला. त्या ध्वनीची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. काय पाहिजे ते आधी त्यांना नेमके कळले होते."

विकत घेतले ते इतकेच : कान पूर्ण झाकणारा चांगला हेडफोन, माइकचा भक्कम स्टँड, रबरी पट्टी. सारे मिळून साडेचार हजार. माइक जुनाच राहिला. सातव्या दिवशी मोजले, उणे ६२. त्याच दिवशी प्रकरणे पाठवली. दोन दिवस सौ. फोनकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : "स्वीकारले. पुढील पुस्तक पाठवीत आहोत." तिने ते मला दोनदा वाचून दाखवले. दोन्ही वेळा मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले.

यादी अण्णांनी परत केली, तिच्यावर क्रम लिहून. पुढे दोघांचे आवाज एकदम घ्यायची वेळ आली, तर दोन माइकांचा इंटरफेस. मग माइक. वापरलेला घ्यायचा तर डायनॅमिक घ्यावा, तो टिकाऊ. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तेव्हा तो जोडून, शांततेत खरखर ऐकूनच पैसे मोजावेत. स्पीकर सर्वांत शेवटी, कारण लहान खोलीत ते खोलीचेच खोटे ऐकवतात. आणि प्रत्येक वेळी आधी दोष ऐकायचा, मग पाकीट काढायचे.

उरलेले साडेसतरा हजार पेटीत ठेवून आम्ही खुशीत होतो. दिवाळीला माझी बहीण मुलाबाळांसह आली. रात्री थंडी पडली आणि ध्यानात आले, घरातली पांघरुणे सगळी माडीवरच्या भिंतींना लटकलेली!

दुसऱ्या दिवशी बाजारातून चार नव्या घोंगड्या आणल्या. स्टुडिओच्या खर्चात त्याही धराव्या लागतील.