यकृतारोपण : केव्हा आणि कोणावर?

आमच्या कोकणीत 'काळीज' म्हणजे हृदय. मराठीतही बहुधा तोच अर्थ रूढ आहे; परंतु काळीज म्हणजे यकृत हा दुसरा अर्थ खाटकाच्या दुकानातील 'कलेजी'ने अद्याप जतन केला आहे. उजव्या बरगड्यांआड दडलेले, सुमारे दीड किलो वजनाचे हे इंद्रिय निकामी झाले, तर मनुष्य जगू शकत नाही. मूत्रपिंडाचे काम यंत्राकडून वर्षानुवर्षे करवून घेता येते. यकृताची तशी सोय नाही. अशा वेळी दुसऱ्याच्या यकृताचे आरोपण हाच उपाय उरतो. ही शस्त्रक्रिया मनुष्यावर प्रथम डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे केली. १९६७ मध्ये त्यांना यश लाभले. भारतात ती १९९८ साली यशस्वी झाली.

परंतु शस्त्रक्रिया करता येणे निराळे आणि ती कोणावर, केव्हा करावी हे ठरविणे निराळे. घाई केली, तर स्वतःच्या यकृतावर आणखी काही वर्षे जगू शकणारा रोगी विनाकारण धोक्यात लोटला जातो; विलंब केला, तर त्याचे शरीर ती सोसण्यापलीकडे जाते. म्हणून वैद्यांना तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात.

पहिला प्रश्न गरजेचा. जलोदर, रक्ताची उलटी, भ्रम ही धोक्याची चिन्हे होत. शिवाय रक्तातील बिलिरुबिन, क्रिएटिनिन व रक्त गोठण्यास लागणारा वेळ यांवरून 'मेल्ड' नावाचा ६ ते ४० पर्यंतचा गुणांक काढतात. पुढे त्यात सोडियमचीही भर पडली. शाळेतील गुणांच्या उलट, येथे अधिक गुण म्हणजे पुढील तीन महिन्यांत मृत्यूचा अधिक संभव. सामान्यतः १५ गुणांपासून आरोपणाचा विचार सुरू होतो. अमेरिकेत २००२ पासून प्रतीक्षायादीतील क्रम मुख्यतः याच गुणांकावर लावू लागले.

दुसरा प्रश्न शक्तीचा. हृदय व फुप्फुसे एवढा भार सोसतील काय? क्षयासारखा संसर्ग लपलेला तर नाही ना? नवे यकृत शरीराने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मंदावणारी औषधे द्यावी लागतात, आणि मग असा संसर्ग उफाळून येतो. यकृतातच कर्करोग असेल, तर १९९६ मध्ये मिलान येथे ठरलेली मर्यादा पाहतात : एकच गाठ असल्यास ५ सेंटीमीटरपर्यंत, अथवा तीनपर्यंत गाठी असल्यास प्रत्येकी ३ सेंटीमीटरपर्यंत.

तिसरा प्रश्न मनाचा व घराचा. रोगी ही औषधे नेमाने घेईल काय? घरी सांभाळणारे कोणी आहे काय? मद्यप्याला यकृत का द्यावे, असे पुष्कळजण विचारतात. आमच्या मते रुग्णालय हे न्यायालय नव्हे. तेथे गत अपराधाची शिक्षा ठरवावयाची नसते; पुढे तो मद्यापासून दूर राहील की नाही, एवढेच पाहावयाचे असते. त्यासाठी सहा महिने मद्यवर्ज्य राहण्याची अट पुष्कळ ठिकाणी असे; आता केवळ तेवढ्यावर निर्णय घेऊ नये, असे मत बळावले आहे.

जिवंत आप्त आपल्या यकृताचा भाग देऊ शकतो, कारण उरलेला भाग पुन्हा वाढतो. मात्र दात्याचीही स्वतंत्र परीक्षा होते, आणि त्याची संमती दडपणाखाली दिलेली नसावी, हे पाहणे तितकेच अगत्याचे असते. आपल्या देशात याविषयीचा कायदा १९९४ साली झाला.

विद्यार्थी मित्रहो, ही परीक्षा देण्याचा प्रसंगच न येणे सर्वांत उत्तम. हिपॅटायटिस बीची लस आणि मद्याचा त्याग, एवढ्यानेही तो पुष्कळ अंशी टळू शकतो.