विमानाचे इंजिन बंद का पडते? अफवा नको, तहकीक हवी

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. लगेच आपल्या जिल्ह्यातल्या ग्रुपवरही घातपात, पक्षी, भेसळीचे इंधन असे मेसेज फिरू लागले. हज-उमऱ्याला निघणाऱ्या घरांत धास्ती बसली. म्हणून आधी थोडे विज्ञान समजून घेऊ.

जेट इंजिन पुढून हवा ओढते, ती दाबते, तीत इंधन जाळते आणि गरम वायू जोरात मागे फेकते. म्हणजे त्याला तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि धडधाकट पाती. पक्षी किंवा ज्वालामुखीची राख आत गेली, इंधन तुटले, किंवा पात्याची बारीक चीर वाढत गेली, तर इंजिन थांबते.

तपासाचा पहिला प्रश्न असतो: एक इंजिन बंद पडले की दोन्ही? १६ जुलै २०२५ ला दिल्ली-गोवा इंडिगो विमानाचे एक इंजिन वाटेत बिघडले. दुसऱ्याच्या जोरावर ते मुंबईत सुखरूप उतरले. दोन इंजिनांची विमाने तशीच बनवलेली असतात. पण दोन्ही एकदम बंद पडली, तर दोघांना सामाईक काय होते, ते आधी बघावे लागते.

अहमदाबादला तेच झाले. विमान अपघात तपास ब्युरोच्या १२ जुलैच्या प्राथमिक अहवालानुसार मार्गात पक्ष्यांची विशेष वर्दळ नव्हती. इंधन भरणाऱ्या गाड्या-टाक्यांतले नमुनेही ठीक निघाले. ब्लॅक बॉक्समध्ये मात्र दिसले, की दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. साधारण दहा सेकंदांनी ते परत चालू झाले, पण इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो आणि तेवढी उंची उरली नव्हती. एक पायलट दुसऱ्याला विचारतो, बंद का केले? दुसरा म्हणतो, मी केले नाही.

स्विच कसे हलले, हे या अहवालात नाही. तरी लोकांनी मुंबईच्या पवईत राहणारे कॅप्टन सुमीत सभरवाल यांना गुन्हेगार ठरवून टाकले. त्यांच्या वृद्ध वडिलांना सुप्रीम कोर्टात जावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने सांगितले, की प्राथमिक अहवालात पायलटवर ठपका नाही.

'काय झाले' आणि 'कोणी केले' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपण ठरवू नये. मयताच्या घरच्यांचा विचार करा, मगच मेसेज पुढे पाठवा. मुलांनाही आपण हेच शिकवू या.