लिनक्स नेटवर्क ड्रायव्हरमधील मेमरी वाटप

लिनक्स कर्नलमधील नेटवर्क ड्रायव्हर पॅकेटांसाठी ज्या पद्धतीने मेमरी मिळवतो, तिची निवड मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : मागणी करणारा कोड त्या क्षणी थांबू शकतो का, आणि ती मेमरी कार्ड स्वतः हाताळणार आहे का.

ड्रायव्हर सुरू होताना थांबण्यास हरकत नसते. तेथे 'जीएफपी कर्नल' हा ध्वज वापरतात. मेमरी अपुरी असल्यास ती मोकळी होईपर्यंत कोड निद्रिस्त राहू शकतो. पॅकेट आल्यावर चालणाऱ्या इंटरप्ट-कोडला मात्र निद्रा वर्ज्य आहे. तेथे लागणारा 'जीएफपी ॲटॉमिक' राखीव साठ्यालाही हात घालतो, तरीही तो अपयशी ठरण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी आलेले पॅकेट टाकून देऊन त्याचाच बफर कार्डाला परत देणे हा रूढ उपाय आहे. पॅकेट वाचवण्याच्या मोहात बफर वर पाठवला आणि बदली बफर मिळाला नाही, तर कार्डाची रांग हळूहळू रिकामी होते व ग्रहणच थांबते.

'व्ही-मॅलॉक'ची मेमरी केवळ आभासी पत्त्यांत सलग असल्याने पॅकेट-बफरांसाठी ती सहसा टाळतात. 9000 बाइटांच्या जंबो फ्रेमसाठी 'के-मॅलॉक'ला 16 किलोबाइटांची सलग जागा लागते. दीर्घकाळ चालू असलेल्या यंत्रात ती मिळणे कठीण. म्हणून अनेक ड्रायव्हर फ्रेम सुट्या पानांत विभागतात. 2018 मधील 4.18 या आवृत्तीत आलेला 'पेज पूल' हीच पाने पुन्हा वापरात आणतो.