फडावरच्या माणसाचे मत कुठे गेले?

परदेशात राहणाऱ्या भारतीयांना तिथूनच मतदान करता यावे, ही मागणी अधूनमधून जोर धरते. २०१० साली कायदादुरुस्ती होऊन त्यांना मतदारयादीत नाव नोंदवण्याचा हक्क मिळाला. पण मत द्यायचे तर पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर यावे लागते. त्यांच्या वतीने दुसऱ्याने मत देण्याची सोय करणारे विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि २०१९ साली लोकसभा विसर्जित होताच बाद झाले. दुबई-लंडनमधल्या माणसाचा हक्क आम्हाला मान्यच आहे. पण किमान त्याच्यासाठी संसदेत चर्चा होते. भूम, परंडा, वाशी, कळंबच्या ऊसतोड कामगाराचे काय?

धाराशिव जिल्ह्याच्या या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. अंगावर मुकादमाची उचल असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात पाच-सहा महिने फडात राबायचे, खोपीत राहायचे आणि पट्टा पडला की परतायचे. निवडणुका नेमक्या याच काळात येतात. विधानसभेचे मतदान २०१९ साली २१ ऑक्टोबरला, तर २०२४ साली २० नोव्हेंबरला झाले. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुका तर फेब्रुवारीत, ऐन हंगामात झाल्या. शाळा, पाणी, घरकुल, रोजगार हमी यांची ज्यांना सर्वात जास्त गरज, तेच त्या दिवशी गावात नसतात.

कायदा म्हणतो, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्या. ज्याची मजुरी टनावर ठरते, त्याला भरपगारी सुट्टी कोण देणार? खाडा आणि प्रवासभाडे दोन्ही त्याच्याच अंगावर! मग उमेदवारांच्या गाड्या फडावर येतात. मतदारांना फुकट वाहन पुरवणे हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. त्याहून वाईट हे, की ज्याच्या गाडीतून आलो त्याचे ओझे घेऊनच माणूस मतदान यंत्रापुढे उभा राहतो. याला स्वतंत्र मत म्हणायचे काय?

सैनिकांना टपाली मत आहे. ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना घरातून मत देता येते. याच कायद्याच्या कलम ६० नुसार शासनाशी विचारविनिमय करून निवडणूक आयोग आणखी एखाद्या वर्गाला टपाली मताचा हक्क देऊ शकतो. ऊसतोड कामगार हा असा वर्ग का होऊ नये?

मात्र मतपत्रिका खोपीत पाठवली तर ती मुकादमाच्या हाती पडेल, हा धोका खरा आहे. म्हणून मतपत्रिकेऐवजी केंद्रच त्याच्याजवळ गेले पाहिजे. विस्थापित काश्मिरी मतदारांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रे उघडली जातात. कारखान्यांच्या परिसरात तशी केंद्रे उघडणे अशक्य नाही. आयोगाने २०२२ च्या अखेरीस स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. पक्षांनी हरकती घेतल्या आणि विषय मागे पडला. यंत्राबद्दल शंका असू शकते, पण ती कामगाराला मताविना ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडणाऱ्या बाबासाहेबांनी पुढे प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला. मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी गेल्या, संविधानाचे कलम ३२६ आले. आज पोटासाठी गाव सोडावे लागणे, हीच नवी अट होऊन बसली आहे.

चळवळीच्या कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. टोळ्या निघण्यापूर्वी गावोगावची यादी तपासावी. घराला कुलूप दिसले म्हणून 'स्थलांतरित' शेरा मारून नाव वगळता येत नाही; तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास संपत नाही, असे १९५० च्या कायद्याचे कलम २० सांगते आणि नाव वगळण्यापूर्वी म्हणणे ऐकून घेणे कलम २२ ने बंधनकारक आहे. दुसरे, ग्रामसभेत ठराव करून फडाजवळच्या मतदान केंद्राची मागणी भारत निवडणूक आयोगाकडे आणि जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाकडेही लेखी पाठवावी. अर्जाची पोच घ्यावी, जपून ठेवावी. उद्या न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर तोच कागद बोलेल.