तारेपासून लहरींपर्यंत: संगणकांचे जाळे

दोन संगणक जोडायला एक केबल पुरते. लॅन केबलचे टोक सोलले की आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या. हा पीळ शोभेचा नाही. शेजारच्या तारांमधून येणारा विद्युत गोंगाट त्यामुळे बराचसा आपसांत रद्द होतो. तरीही अशी केबल साधारण १०० मीटरपर्यंतच चालते.

संगणक वाढले की मध्ये स्विच येतो. मजकूर सलग जात नाही, त्याची पाकिटे पडतात. इथरनेटच्या एका पाकिटात सहसा १,५०० बाइटपर्यंत माल मावतो. वरचा पत्ता वाचून स्विच ते पाकीट नेमक्या पोर्टातून सोडतो. जाळ्याबाहेरची वाट राउटर ठरवतो.

वाय-फायमध्ये तारेची जागा रेडिओलहरी घेतात. हवा मात्र सामायिक. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, म्हणून प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ब्लूटूथही असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. दूध तापत असताना व्हिडिओ अडखळला तर बिचाऱ्या राउटरला दोष देण्यात अर्थ नाही.

लहरी भिंतीपलीकडे शेजाऱ्याकडेही जातात, त्यामुळे मजकूर सांकेतिक करावाच लागतो. १९९७ मधली डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आली, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३. मात्र पासवर्ड म्हणून स्वतःचाच मोबाइल नंबर ठेवणाऱ्याला डब्ल्यूपीए२ फारसे वाचवू शकत नाही. शिवाय हे कुलूप राउटरपर्यंतचेच; त्यापुढच्या प्रवासात मजकूर झाकण्याचे काम एचटीटीपीएसकडे असते.