ॲस्पिरिनचा खो

ॲस्पिरिनची गोळी शरीरात जाऊन जे करते, तेच कारखान्यात ती तयार होताना झालेलं असतं. दोन कार्बनांचा एक लहानसा गट एका रेणूकडून सुटतो आणि दुसऱ्याला जाऊन चिकटतो. या गटाचं नाव ॲसिटाइल. असे गट जोडण्याच्या अभिक्रियेला रसायनशास्त्रात ॲसिलेशन म्हणतात. बीएस्सीच्या वर्गात ती वाकड्या बाणांच्या आकृत्यांतून शिकवली जाते. परीक्षा संपली की बाण विसरले जातात आणि त्यांच्याबरोबर ही गंमतही.

ॲसिटाइल गटात एक कार्बन ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, त्यामुळे हा कार्बन कायम इलेक्ट्रॉनांचा भुकेला. ज्यापासून ॲस्पिरिन बनते, त्या सॅलिसिलिक आम्लाच्या रेणूवर एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते आणि तिच्यातल्या ऑक्सिजनपाशी मोकळे इलेक्ट्रॉन असतात. तो या भुकेल्या कार्बनवर येऊन धडकतो. पुढचा प्रकार हुबेहूब खो-खोसारखा आहे: पाठलाग करणारा बसलेल्याला खो देतो, त्याची जागा घेतो आणि बसलेला उठून पळतो. मात्र इथे क्षणभर दोघंही एकाच चौकोनात असतात. एरवी तीन शेजाऱ्यांशी जोडलेल्या कार्बनला त्या क्षणी चार शेजारी होतात. या चतुष्फलकी अवस्थेत रेणू फार काळ राहू शकत नाही. दुहेरी बंध पुन्हा जुळतो आणि कुणाला तरी बाहेर पडावंच लागतं. नुकता आलेलाच परत गेला, तर काहीच घडलं नाही असं होतं. आधीचा गेला, तर ॲसिलेशन झालं.

बाहेर कोण पडणार, हे ठरतं ते जाताना बंधातले इलेक्ट्रॉन कोण सहज घेऊन जाऊ शकतो यावर. क्लोराइड ते अगदी सहज नेतं. म्हणून ॲसिटाइल क्लोराइड इतकं तापट, की हवेतल्या ओलाव्याशीही भांडतं आणि धुरकटतं. त्याखालोखाल ॲसेटिक ॲनहायड्राइड, मग एस्टर आणि सगळ्यांत शेवटी अमाइड. अमाइडमधला नायट्रोजन जागा सोडायला राजीच नसतो. आपल्या अंगातली सगळी प्रथिनं अमाइडच्याच बंधांनी गुंफलेली आहेत, हे आपलं भाग्य. ते बंध ॲसिटाइल क्लोराइडसारखे असते, तर पहिल्याच पावसात आपला निकाल लागला असता.

१८५३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल गेरार यांनी ॲसिटाइल क्लोराइड आणि सोडियम सॅलिसिलेट यांची गाठ घातली. ॲस्पिरिन तयार झाली, पण अशुद्ध. आणि औषध शोधणं हा त्यांचा हेतूही नव्हता. जर्मनीत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन यांनी १० ऑगस्ट १८९७ रोजी केलेल्या नोंदीत मात्र शुद्ध पदार्थ आहे. त्यांनी सौम्य पर्याय निवडला होता, ॲसेटिक ॲनहायड्राइड. गंमत अशी, की हे ॲनहायड्राइडही पहिल्यांदा बनवलं होतं गेरार यांनीच, १८५२ मध्ये! हॉफमन यांना ही कल्पना सुचवल्याचं श्रेय आर्थर आयशेनग्रून यांनी पुढे स्वतःकडे घेतलं आणि तो वाद आजही मिटलेला नाही. त्याच ऑगस्टमध्ये हॉफमन यांनी मॉर्फिनचंही ॲसिलेशन केलं. त्यातून जे निघालं, ते बायरने हेरॉइन या नावाने विकलं. ॲसेटिक ॲनहायड्राइडच्या व्यवहारावर भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रण आहे, ते यामुळेच.

आपल्याकडच्या महाविद्यालयांतही हे प्रॅक्टिकल होतं. सॅलिसिलिक आम्ल, ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब. वॉटर बाथवर तापवायचं आणि गार पाण्यात ओतायचं. सल्फ्युरिक आम्लाचं काम उत्प्रेरकाचं. ॲनहायड्राइडच्या ऑक्सिजनला ते एक प्रोटॉन देतं, त्यामुळे शेजारचा कार्बन आणखी भुकेला होतो. याची गरज पडते, कारण सॅलिसिलिक आम्लाचा हल्लेखोर ऑक्सिजन जरा आळशी आहे. त्याचे इलेक्ट्रॉन बेंझीनच्या कड्यात गुंतलेले असतात. हिशेबही सरळ आहे: १३८ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल आणि १०२ ग्रॅम ॲनहायड्राइड पूर्णपणे वापरलं गेलं, तर १८० ग्रॅम ॲस्पिरिन आणि ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल मिळतं. शेवटी फेरिक क्लोराइडचा थेंब टाकायचा. जांभळा रंग आला, तर समजायचं की खो द्यायचं राहून गेलेलं सॅलिसिलिक आम्ल अजून शिल्लक आहे.

औषधाच्या दुकानात ॲस्पिरिनच्या शेजारीच पॅरासिटामॉल असतं. तेही ॲसेटिक ॲनहायड्राइड वापरून बनवता येतं. पण त्याच्या मूळ रेणूत, पॅरा-अमिनोफिनॉलमध्ये, ऑक्सिजनबरोबर नायट्रोजनही असतो. इलेक्ट्रॉन देण्यात नायट्रोजन जास्त तत्पर, म्हणून ॲसिटाइल त्याच्याकडे जातो आणि अमाइड तयार होतं. एकदा तिथे बसलेला ॲसिटाइल सहजासहजी हलत नाही. ॲस्पिरिनमधला ॲसिटाइल मात्र एस्टर म्हणून बसलेला, म्हणजे पुढच्या खोला तयार. दमट जागी ठेवलेल्या जुन्या बाटलीतून व्हिनेगरचा वास येतो, तेव्हा हा खो पाण्याने दिलेला असतो.

शरीरात तो सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर देतं. हे विकर वेदना आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवायला लागतं. ॲस्पिरिनमुळे ती तयार होणं थांबतं, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. नंतर किरणोत्सारी खूण केलेला ॲसिटाइल गट वापरून संशोधकांनी तो विकराला चिकटतो, हेही पकडलं. विकरातल्या एका बोगद्यात, प्रचलित क्रमांकानुसार ५३०व्या जागी, सेरीन हे अमिनो आम्ल आहे. त्याचा ऑक्सिजन ॲस्पिरिनच्या कार्बनवर येतो, चौघांची ती क्षणिक अवस्था होते आणि सॅलिसिलेट बाहेर पडतं. ॲसिटाइल बोगद्यात अडकून राहतो आणि ज्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनतात, त्या ॲराकिडॉनिक आम्लाला आत शिरायला वाट उरत नाही. आयब्युप्रोफेनही हाच बोगदा अडवतं, पण कोणताही बंध न जोडता, आणि काही तासांत निघून जातं.

रक्तातली निम्मी ॲस्पिरिन साधारण वीस मिनिटांत नाहीशी होते, तरी तिचा परिणाम अनेक दिवस टिकतो. रक्त साकळायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे त्यांच्यातलं हेच विकर बिघडलं, की त्याच्या जागी त्यांना नवं बनवता येत नाही. त्यांचं आयुष्य साधारण ७ ते १० दिवसांचं. ॲसिलेशन झालेली प्लेटलेट तेवढे दिवस तशीच राहते. हृदयविकाराच्या रुग्णाला रोज ७५ मिलिग्रॅमची एवढीशी गोळी पुरते ती यामुळे. काही शस्त्रक्रियांआधी ती किती दिवस बंद ठेवायची, किंवा ठेवायचीच का, हे ठरवताना डॉक्टर प्लेटलेटचं हेच आयुष्य हिशेबात धरतात.