वालाचं बियाणं राखतं कोण?

अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका सह्याद्रीच्या कुशीत आहे. इथल्या आदिवासी घरांमध्ये गावठी वाल-घेवड्याला स्वतंत्र शेत क्वचितच मिळतं. वेल चढतो बांधावर, कुंपणावर, परसातल्या मांडवावर.

नांगरट, बैल, मांडवाच्या मेढी आणून रोवणं ही कामं पुरुषांची. पाऊस लागल्यावर बी टोकलं की पुढचं सारं बहुतेक बाईकडे येतं: खुरपणी, वेल वर चढवणं, तोडा, वाळवणं, पाखडणं, निवडणं. गावठी वाल दिवस लहान होऊ लागले की फुलतो आणि शेंगा टप्प्याटप्प्याने देतो. दर काही दिवसांनी टोपलीभर शेंगा निघतात. थोड्या कालवणाला जातात, उरलेल्यांचे वाटे लावून ती आठवडी बाजारात बसते. रक्कम लहान असते, पण तिच्याच हातात पडते.

सगळ्यात नाजूक काम बियाण्याचं. चांगल्या वेलावरच्या भरदार, निरोगी शेंगा ती तोडतच नाही, वेलावरच वाळू देते. कोणता दाणा लवकर शिजतो, कोणता कडवट आहे, कोणत्या वेलाला मावा कमी लागला, हे सगळं तिच्या ध्यानात असतं. निवडलेलं बी कडक उन्हात वाळवून राखेत घोळवलं जातं. राख दाण्यांमधल्या फटी भरते, त्यामुळे भुंगेऱ्याला आत हिंडायला वाव उरत नाही. माझ्या मते ही निवड म्हणजे पीक-सुधारणाच आहे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या कितीतरी गावठी जाती अशाच जपल्या. त्यांना पद्मश्री जाहीर झाली 2020 साली.

आता झाडाची ठेवण बदलली तर काय होतं ते पाहा. बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का जय, अर्का विजय या जाती बुटक्या आहेत. त्यांना मांडव लागत नाही आणि फुलायला लहान दिवसांची वाटही पाहावी लागत नाही. सलग शेतात लावायला त्या सोयीच्या, आणि यात वाईट काही नाही. पण सलग शेत आलं की माल पोत्यांनी निघतो, पोत्यांना टेम्पो लागतो, व्यापाऱ्याशी बोलणी घरधनी करतो आणि पट्टी त्याच्या नावावर फाटते. तोडा मात्र तिच्याकडेच राहतो. पूर्व आफ्रिकेत घेवड्याच्या छोट्या शेतकऱ्यांमध्येही अभ्यासकांनी हेच पाहिलं आहे: पीक घरच्यापुरतं असेतो बायकांचं, बाजारात भाव आला की पुरुषांचं.

कागदही तिच्या बाजूने नसतो. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये बायका होत्या सुमारे 14 टक्के. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीक कर्ज अवघड आणि पीएम किसानचा हप्ताही तिच्या खात्यात येत नाही.

एक वाट मात्र उघडी आहे आणि ती गावोगाव कळायला हवी. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 चा. त्यात शेतकऱ्याची व्याख्या जमिनीच्या मालकीवर थांबत नाही. पारंपरिक वाण जपणारी, निवड करून त्याचा कस वाढवणारी व्यक्तीही तिथे शेतकरी ठरते. म्हणजे राखेत बी घोळवणारी बाई स्वतःच्या किंवा बचत गटाच्या नावाने वाणाच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकते. शेतकऱ्यांच्या वाणाला नोंदणी शुल्कही माफ आहे.